मोडलेला सांगाडा आणि उत्पादकाची हमी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने धातूच्या नळ्यांविषयी लेख लिहावा, हे या स्मरणिकेच्या नित्याच्या वाचकांस काहीसे चमत्कारिक वाटेल. आजवर या पानांतून आम्ही डाळींची आवक, पोत्यातील घट, बाजार समितीचे नियम अशाच विषयांवर चार शब्द लिहीत आलो. यंदा संपादक मंडळाचे पत्र हाती पडले, त्या वेळी आमच्या गादीशेजारी फडक्यात गुंडाळलेली एक मोडकी नळी पडलेली होती, आणि तिच्यापायी आम्ही तीन महिने जो पत्रव्यवहार केला, त्याचा कागद धान्याच्या एखाद्या मोठ्या सौद्याच्या कागदाहून जाड झाला होता. त्या व्यवहारात आम्ही जे शिकलो ते आमच्या व्यापारी बंधूंस उपयोगी पडेल, या समजुतीने हा विषय घेतला आहे.

प्रथम हकीकत सांगतो. २०२३ सालच्या दसऱ्यास आम्ही बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या वखारीसाठी पोती वाहण्याच्या सहा ट्रॉल्या घेतल्या. दोन उभ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, तळाशी पोती टेकण्यास एक पत्रा, मागे आस आणि दोन रबरी चाके, अशी ही साधी वस्तू. पूर्वी आमच्याकडे लोखंडी ट्रॉल्या होत्या. त्या जड, परंतु दणकट. नव्या ट्रॉल्या हलक्या, दिसावयास देखण्या, आणि प्रत्येकीची किंमत साडेअकरा हजार. सोबत कंपनीचे चोवीस महिन्यांचे हमीपत्र होते व त्यावर ३०० किलो भार चालेल असे छापलेले होते.

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या महिन्यात, तुरीच्या डाळीची चार पोती घेऊन एक ट्रॉली वखारीचा उंबरा ओलांडीत असता तिची उजवी नळी आसेजवळ काडीसारखी मोडली. पोती कलंडून आमच्या दुकानी बावीस वर्षे काम करीत असलेल्या हमालाच्या डाव्या पायावर आली. दोन बोटांची हाडे मोडली. सहा आठवडे त्यांस घरी बसावे लागले. त्यांचा औषधोपचार व रोजची मजुरी आम्ही दिली, ते आमचे कर्तव्यच होते. परंतु पन्नास किलोची चार पोती म्हणजे दोनशे किलो. तीनशेची हमी दिलेली वस्तू दोनशेने का मोडावी, हा प्रश्न काही केल्या आमच्या डोक्यातून जाईना.

मुकादम त्याच सायंकाळी ती ट्रॉली कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेण्यास निघाले होते. सुदैवाने उद्यमबागेत ओतकामाचा कारखाना चालविणारे आमचे एक जुने स्नेही हमालाची विचारपूस करण्यास आले होते. ते म्हणाले, "शेटजी, वेल्डिंग केलेत तर पुरावाच जळून जाईल. मोडलेली तोंडे एकमेकांवर घासू नका, पुसू नका, हात लावू नका. स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा." वेल्डिंगवाल्याच्या दोनशे रुपयांच्या कामात आमचा सगळा दावा बुडाला असता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगाखाली ते तोंड आम्हांस दाखविले. नळीच्या कापाचा एक भाग गुळगुळीत व काळसर होता. त्यावर, नदीचे पाणी ओसरताना वाळूवर जशा रेषा राहतात, तशा बारीक वर्तुळाकार रेषा होत्या. उरलेला भाग खरखरीत व चकचकीत होता. खरखरीत भाग त्या दिवशी उंबऱ्यावर मोडलेला, आणि गुळगुळीत भाग त्यापूर्वी अनेक महिने थोडाथोडा फाटत आलेला, असा त्याचा अर्थ. म्हणजे ती नळी त्या दिवशी मोडली हे खरे असले, तरी तिला तडा फार आधी गेला होता, आणि आमचे हमाल तिच्यावर रोज पोती चढवीत होते.

यास अभियंते 'धातूचा थकवा' असे म्हणतात. एखादी तार आपण हाताने ओढून तुटत नाही, पण तीच तार पुनःपुन्हा इकडेतिकडे वाकविली की तुटते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भार मोडण्याइतका मोठा नसला तरी तो लाखो वेळा पडला आणि उठला, तर धातूत कोठेतरी सूक्ष्म तडा सुरू होतो व प्रत्येक झटक्यासरशी केसाच्या अंशाइतका पुढे सरकतो. आमच्या ट्रॉलीचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. दिवसास साठ फेऱ्या, महिन्यास पंचवीस दिवस, एकोणीस महिने, म्हणजे साडेअठ्ठावीस हजार फेऱ्या. एका फेरीत उंबरा, फरशीचे सांधे, फलाटाची कड मिळून दहा झटके धरले, तरी ते पावणेतीन लाखांवर जातात. वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हां लोकांस झटक्यांचाही हिशेब असतो, हे ठाऊक नव्हते.

हे शास्त्र जगाने पुष्कळ प्राण देऊन शिकले आहे. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाची आस मोडली. मागील डबे आदळून पेटले, डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती, आणि पन्नासांहून अधिक उतारू दगावले. पुढे ऑगस्ट व्होलर नामक प्रशियाच्या रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले व भाराची आवर्तने आणि मोडतोड यांचे नाते कोष्टकांत मांडले. तरीही १९५४ साली कॉमेट नावाची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हा इंग्लंडातील फार्नबरो येथे तसलेच एक विमान पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या पोटात पुनःपुन्हा दाब भरण्यात आला. सुमारे तीन हजार उड्डाणांइतका दाब सोसून त्याचा पत्रा फाटला, तो एका झरोक्याच्या कोपऱ्यापाशी. विमानासारख्या वस्तूची ही कथा, मग ट्रॉलीचे काय सांगावे!

यात दोन गोष्टी विशेष ध्यानात धरण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, पोलादास थकव्याच्या बाबतीत एक मर्यादा असते. भार त्या मर्यादेखाली राहिला तर ते व्यवहारतः कितीही झटके सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. भार लहान असला तर ते अधिक काळ टिकते इतकेच. शिवाय उष्णतेची प्रक्रिया करून बळकट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंगची आंच लागली की, जोडाच्या लगतचा भाग मऊ पडून त्याचे निम्म्याच्या आसपास बळ जाते. आमची नळी नेमकी जोडाच्या कडेला मोडली होती, जोडात नव्हे. दुसरी गोष्ट छिद्राची. रुंद पट्टीला गोल छिद्र पाडले तर त्या छिद्राच्या काठावर ताण तिप्पट होतो. हे किर्श नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९८ साली गणिताने सिद्ध केले आहे. हे छिद्राचे प्रकरण आमच्या अंगाशी कसे आले, ते पुढे येईल.

याच सुमारास आमच्या भाच्याचा फोन आला. तो नॉर्वेतील ट्रोनहाइम येथे नोकरीस असतो. तिकडे हिवाळ्यात लोक लाकडी पट्ट्यांसारखी स्की पायांस बांधून बर्फावरून दूरदूर जातात, आणि उन्हाळ्यात बर्फ नसते तेव्हा तोच सराव डांबरी रस्त्यावर 'रोलर स्की'वर करतात. दोनेक फूट लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कार्बनतंतूंचा दांडा, पुढे-मागे एकेक चाक, आणि मध्ये बूट अडकविण्याचा खटका, अशी ही वस्तू. बहुतेकांना ब्रेकही नसतो! तारुण्याचा हा खेळ आम्हांस पाहूनच घाम फुटेल. आमची हकीकत ऐकून भाचा म्हणाला, "मामा, माझी रोलर स्कीसुद्धा गेल्या उन्हाळ्यात अशीच मोडली. पुढच्या चाकाजवळ. नशीब, तेव्हा चढावर होतो." उतारावर असता तर काय झाले असते, हे त्याने आपल्या आईस अद्याप सांगितलेले नाही. तेव्हा ही स्मरणिका तिच्या हाती पडू नये, अशी व्यवस्था आम्हांस करावी लागेल.

विचार करता ट्रॉली आणि रोलर स्की यांची जात एकच दिसते. लांब सांगाडा, टोकाला चाक, वर माणसाचे अथवा पोत्याचे वजन, आणि खाली दगडगोट्यांचा रस्ता. डांबराची खडबड लहान टणक चाकांतून थेट सांगाड्यात शिरते. मोडण्याच्या जागाही त्याच. चाकाचा चिमटा जेथे जोडलेला असतो ती कड, आणि बुटाचा खटका बसविण्यासाठी पाडलेली स्क्रूंची छिद्रे.

भाच्याने काय केले? तो कंपनीकडे गेलाच नाही. ज्या दुकानातून वस्तू घेतली तेथे मोडके तुकडे आणि पावती घेऊन गेला. नॉर्वेत २००२ चा ग्राहक-खरेदीविषयक कायदा आहे. त्याप्रमाणे खाजगी उपयोगासाठी घेतलेल्या वस्तूत दोष निघाल्यास विक्रेत्याकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षे आहे, आणि जी वस्तू स्वभावतः त्याहून पुष्कळ अधिक काळ टिकावयाची असते तिला पाच वर्षे. कंपनीचे हमीपत्र असो वा नसो, हा हक्क राहतोच. दुकानदाराने प्रथम विचारले की, खटका कोणी बसविला? तो त्याच दुकानात बसविलेला होता आणि त्याची नोंद पावतीवर होती. प्रश्न तेथेच मिटला व नवी जोडी मिळाली. भाच्याने घरी छिद्रे पाडून खटका बसविला असता तर हा व्यवहार इतका सरळ झाला नसता, असे तो स्वतःच म्हणाला. चाके आणि बेअरिंग मात्र झिजणाऱ्या वस्तू म्हणून तिकडेही हमीतून वगळतात. आमच्या हमीपत्रातही तेच होते.

आता आमच्याकडे वळू. आम्ही विक्रेत्यास कळविले. त्याने सांगितले, कंपनीस लिहा. कंपनीस लिहिले, तर तिने सांगितले, विक्रेत्यामार्फत या. या येरझारांत बारा दिवस गेले. तेव्हा आम्ही वकिलांकडे जाऊन कायदा समजून घेतला.

आपल्याकडे १९३० चा मालविक्री अधिनियम आहे आणि धान्याच्या व्यापाऱ्यास तो परका नाही. नमुन्यावर विकलेला माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, आणि नमुना नीट पाहूनही न दिसणारा दोष मालात नसावा, हे आपण रोज पाळतो ते त्याच अधिनियमाचे सतरावे कलम. बारावे कलम 'अट' व 'हमी' यांत भेद करते. कराराच्या मूळ हेतूस आवश्यक ती अट. ती मोडली तर माल नाकारता येतो. आनुषंगिक वचन ती हमी. ती मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. माल एकदा स्वीकारला की, साधारणतः मोडलेली अटही हमीच धरून चालावे लागते. एकोणीस महिने वापरलेली ट्रॉली परत करून पैसे मागण्याचा मार्ग त्यामुळे आम्हांस बंद होता, भरपाईचा होता. सोळावे कलम असे की, ग्राहकाने आपला उपयोग विक्रेत्यास सांगितला व त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या उपयोगास योग्य असेल, अशी अट कायदाच गृहीत धरतो. मात्र स्पष्ट कराराने अशी गृहीत वचने वगळता येतात. यास्तव बिलाच्या पाठीमागची बारीक अक्षरे वाचावी. आम्ही पन्नास वर्षे बिले लिहीत आलो, पण पाठीमागची अक्षरे वाचली ती या वेळी.

हा दावा विक्रेत्यावर चालतो, कारण करार त्याच्याशी झालेला असतो. कंपनीचे हमीपत्र हे कंपनीने दिलेले निराळे वचन आहे, आणि त्या वचनाची व्याप्ती त्या कागदावर लिहिली असेल तितकीच. आमच्या कागदावर, कंपनीच्या तपासणीत दोष आढळल्यास कंपनीच्या मर्जीनुसार दुरुस्ती अथवा बदली, आणि त्यापासून होणाऱ्या अन्य नुकसानीची जबाबदारी नाही, असे होते. 'कंपनीच्या तपासणीत' आणि 'कंपनीच्या मर्जीनुसार', या दोन शब्दसमूहांत हमीचे निम्मे बळ वितळते, जसे वेल्डिंगच्या आंचेने अ‍ॅल्युमिनियमचे वितळते.

ग्राहक आयोगाकडे का गेला नाहीत, असे पुष्कळांनी विचारले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे व्यापारी प्रयोजनासाठी माल घेणारा 'ग्राहक' या व्याख्येत बसत नाही. अपवाद एवढाच की, जो माणूस केवळ स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरतो, तो ग्राहक ठरतो. १९८६ च्या जुन्या अधिनियमाखाली सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात, एका यंत्राच्या खरेदीवरून, याचा खल केला आहे. म्हणजे एखादा हमाल स्वतःच्या पैशाने एक ट्रॉली घेऊन पोटासाठी ओढीत असेल, तर त्यास आयोगाचे दार उघडे आहे. सहा ट्रॉल्या घेऊन नोकरांकडून वापरणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यास ते बंद आहे. आमच्यासाठी दिवाणी न्यायालय उरते, आणि करारभंगाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत. एकोणसत्तर हजारांच्या मालासाठी दिवाणी दावा किती वर्षे चालेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. सबब, पत्रव्यवहारानेच काम साधणे हेच शहाणपणाचे होते.

कंपनीचे पहिले उत्तर आले ते तीन आक्षेपांचे. हमीपत्रावर विक्रेत्याचा शिक्का नाही, भार अधिक घातला असावा, आणि सांगाड्यात फेरफार केला आहे.

पहिला आक्षेप सहज सुटला. शिक्का नव्हता, परंतु जीएसटीच्या बिलावर सहाही ट्रॉल्यांचे अनुक्रमांक होते. दुसऱ्यास आमची तोलाईची चिठ्ठी कामी आली. त्या दिवशीच्या चारही पोत्यांचे वजन काट्यावर झालेले होते. शिवाय खरेदीपूर्वी आमच्या चिरंजीवाने विक्रेत्यास व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले होते की, पन्नास किलोची चार पोती एकदम चालतील काय, आणि विक्रेत्याचे उत्तर होते, "पाच चालतील." सोळाव्या कलमास याहून चांगला कागद काय हवा? हे विचारणे चिरंजीवाच्या सावधपणाने झाले, आमच्या नव्हे. आम्ही असतो तर तोंडी विचारून मोकळे झालो असतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा होता. पेठेत ट्रॉल्या एकमेकांच्या वखारीत जातात, म्हणून आम्ही प्रत्येक ट्रॉलीच्या आडव्या पट्टीस दोन छिद्रे पाडून दुकानाच्या नावाची पाटी बसविली होती. हौसही होती, कबूल करतो. छिद्र ताण तिप्पट करते हे किर्शचे गणित कंपनीच्या अभियंत्याने आम्हांस लिहून पाठविले, तेव्हा आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. परंतु आमचे ओतकामवाले स्नेही म्हणाले की, तडा कोठून सुरू झाला ते तोंडावरच्या रेषाच सांगतात. रेषांची वर्तुळे जेथे मिळतात तो उगम. तो आसेच्या जोडाच्या कडेला होता, आणि आमची छिद्रे तेथून दीड हात वर, पूर्णपणे अभंग होती. मग त्यांनी बाकीच्या पाच ट्रॉल्या तपासल्या. पद्धत अगदी जुनी आहे. जोडाजवळची जागा स्वच्छ करून तीवर पातळ तेल लावावे. पूर्वी रॉकेल वापरीत, आता डिझेल चालते. पाच-दहा मिनिटांनी ते कोरडे पुसावे व वर खडूची पूड फासावी. तडा असेल तर त्यात शिरलेले तेल खडूत पाझरून काळसर रेघ उमटते. दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रॉलीवर, त्याच बाजूस, त्याच जोडापाशी, बोटाच्या पेराएवढी रेघ उमटली.

दोन ट्रॉल्या एकाच जागी फाटतात, याचा अर्थ दोष वापरणाऱ्याचा नसून घडणीचा आहे, असे आम्ही लिहिले. छिद्रे पाडल्याचे लपविले नाही, त्यांची छायाचित्रे मोजपट्टीसह पाठविली. मोडके तुकडे मात्र पाठविले नाहीत. कंपनीने आपला माणूस पाठवून ते आमच्याकडे पाहावेत, अथवा तुकडे स्वीकारल्याची अनुक्रमांकासह पोच द्यावी, असे कळविले. सर्व पत्रे विक्रेता व कंपनी या दोघांसही, पोच घेऊन धाडली. पत्रांत रागाचे शब्द घातले नाहीत. आमच्या पहिल्या मसुद्यात ते होते, वकिलांनी खोडले.

ऑगस्टमध्ये कंपनीचा माणूस येऊन गेला. पंधरा दिवसांनी दोन ट्रॉल्यांसाठी नवे सांगाडे आले. त्यांत जोडाच्या जागी आतून एक जादा पट्टी बसविलेली दिसली. याविषयी कंपनीने पत्रात अक्षरही लिहिले नाही. उरलेल्या चार ट्रॉल्या बदलून देण्याचे तिने नाकारले, कारण त्या मोडल्या नव्हत्या. हमालाच्या औषधोपचाराचा खर्चही नाकारला. नव्या सांगाड्यांस नवी हमी मिळेल काय, असे विचारता, मूळ हमीची जितकी मुदत उरली असेल तितकीच, म्हणजे दोन महिने, असे उत्तर आले. बदलून आलेल्या वस्तूस पुन्हा पूर्ण मुदत मिळते अशी आमची समजूत होती. पुष्कळांची असते. हमीपत्रात तसे लिहिलेले नसेल तर ती गृहीत धरू नये.

आमचे हमाल आता कामावर परत आले आहेत, परंतु ट्रॉलीस हात लावीत नाहीत. तोलाईच्या काट्यावर बसतात. पाट्या आम्ही काढून टाकल्या आणि ट्रॉल्यांवर रंगाने नाव लिहिले. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुकादम डिझेलची बाटली व खडू घेऊन प्रत्येक जोड तपासतात आणि वहीत नोंद करतात. गेल्या महिन्यात, २०२६ च्या जानेवारीअखेर, पाचव्या क्रमांकाच्या ट्रॉलीवर पुन्हा तीच रेघ उमटली. ती ट्रॉली आम्ही साखळीने बांधून ठेवली आहे. हमीची मुदत संपून तीन महिने झाले, परंतु दोष मुदतीच्या आतच कळविलेला होता आणि त्याची पोच आमच्याजवळ आहे, असे पत्र विक्रेता व कंपनी या दोघांसही गेले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.